सिस्टरताईंना विचारा : नर्सिंगच्या दारातून एमबीबीएसला जाता येतं का?

या वेळी एकच पत्र मोठं घेतलंय, कारण त्याच अर्थाचे आणखी पाच-सहा मेसेज येऊन पडलेत, कोणी दापोलीहून कोणी कणकवलीहून, आणि प्रत्येकीच्या मागे एक मामा नाहीतर काका उभे आहेतच. दोन छोटी पत्रं शेवटी आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय २३. बारावीचं वर्ष आणि नंतर एक ड्रॉप अशी दोनदा नीट (एमबीबीएसची प्रवेश परीक्षा) दिली. दुसऱ्या वेळी मार्क वाढले पण सरकारी सीटपर्यंत गाडी पोचली नाही आणि प्रायव्हेटची फी आमच्या आवाक्यातली नाही. मग बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी केलं, नंतर लोटे एमआयडीसीत एका लॅबमध्ये आठ महिने ट्रेनी होते, आता घरी आहे. डोक्यातून एमबीबीएस जात नाही. मामा म्हणतात बीएस्सी नर्सिंगला जा, दुसरी डिग्री होईल, नोकरी पक्की, हॉस्पिटलात राहून नीटचा अभ्यास पण होईल, आणि नर्सिंग झालेल्यांना एमबीबीएसच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. न्यू जर्सीची माझी मावसबहीण म्हणते तिकडे ग्रॅज्युएट झालेल्या मुली दीड वर्षात नर्सिंग करतात आणि मग मेडिकल स्कूलला जातात. आईचं एकच, वय वाढतंय, काय ते एकदा ठरव. मी काय करू? नाव छापू नका.

उत्तर : नाव नाही छापत गो बाय, काळजी नको.

आधी मामांचं ते दुसऱ्या वर्षाचं निस्तरूया, कारण त्यावरच सगळा इमला उभा आहे. एमबीबीएसला मधूनच शिरायला आपल्याकडे दार नाही. नर्स असो, फिजिओ असो, बीएएमएस झालेला वैद्य असो, नीट द्यायची, नंबर लागला तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून बसायचं, साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. मामांनी हे कुठून ऐकलं असेल त्याचा मला अंदाज आहे. जिना आहे, पण तो नर्सिंगच्या घरातलाच. बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करतात, मग त्या मुलींना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्री मिळते, चार वर्षं परत करावी लागत नाहीत. हे कोणीतरी एसटीत अर्धवट ऐकलं आणि उतरेपर्यंत त्याचं एमबीबीएस झालं. मामांचा दोष नाही, तुझ्या काळजीपोटीच बोलतात ते.

आता मावसबहिणीचं. ती खोटं सांगत नाहीये, पण ते गणित तिकडचं आहे. अमेरिकेत मेडिकल स्कूल हे मुळातच डिग्री झाल्यावरचं शिक्षण, त्यामुळे आधी एक डिग्री असणं हा तिथला नेहमीचा रस्ता. आणि ज्यांच्याकडे दुसऱ्याच विषयातली डिग्री आहे त्यांच्यासाठी तिकडे नर्सिंगचा अ‍ॅक्सिलरेटेड कोर्स असतो, ११ ते १८ महिन्यांचा. पण त्या नर्सिंगमुळे तिकडेही मेडिकलचं काही माफ होत नाही. बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे सगळं लॅबसकट केलेलं बहुतेक ठिकाणी लागतं, नर्सिंगवाल्यांना जी हलकी केमिस्ट्री शिकवतात ती बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत, आणि वर एमकॅट नावाची साडेसात तासांची परीक्षा. शिवाय आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथली बरीचशी मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत. तेव्हा बहिणीचं कौतुक कर, पण तिचा नकाशा घेऊन रत्नागिरीत फिरू नकोस.

आपल्याकडे बीएस्सी नर्सिंग म्हणजे चार वर्षं, आठ सेमिस्टर. तुझ्या बायोटेकच्या तीन वर्षांचं त्यात काहीही वजा होत नाही. सरळ बारावीच्या पोरींबरोबर बाकावर बसायचं. प्रवेशाला राज्याची वेगळी सीईटी असते, त्यात फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड. म्हणजे २४ व्या वर्षी लागलीस तर २८ ला नर्स, आणि त्यानंतर नीट लागली समजा तर ३४ ला एमबीबीएस हातात, पीजी त्याच्या पुढे. बेरीज तू कर, मला ती छापताना बरं वाटत नाही.

पण वयावरून घाबरू पण नकोस. नीटला आता वरची वयाची अटच नाही. आधी खुल्या गटाला २५ ची होती, ती कोर्टात अडकून पडलेली, शेवटी २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने काढून टाकली. किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. बारावीचे तुझे मार्क शिळे होत नाहीत, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून ५० टक्के, राखीव गटाला ४०, एवढं असलं की झालं. आईला हे वाचून दाखव. वय वाढतंय म्हणजे लग्नाचं म्हणत असेल तर त्यावर हे सदर काही करू शकत नाही.

आता जे खरं बोलायचंय ते. नर्सिंग करता करता नीटचा अभ्यास होईल हे जे सगळे म्हणतात ना, ते म्हणणाऱ्यांपैकी एकानेही वॉर्डात महिना काढलेला नसतो. मी ३१ वर्षं काढली, त्यातली ९ ट्यूटर म्हणून. एक प्रसंग सांगते, मुलगी ओळखू येणार नाही इतका जुना आहे. रात्री तीनच्या सुमारास राउंडला गेले तर फीमेल मेडिकल वॉर्डात आमची एक स्टुडंट टेबलाशी मान खाली घालून, समोर नर्सिंग फंडामेंटल्सचं जाडजूड पुस्तक. मला वाटलं वा. जवळ गेले तर कव्हर तेवढं फंडामेंटल्सचं, आत फिजिक्सची प्रश्नं. आणि सहा नंबरच्या खाटेवर एक आजी, अंगाला सूज, युरिन बॅग लावलेली, तिचा इनटेक-आउटपुट चार्ट रात्री दहापासून कोरा. बॅग भरून जवळपास काठाला आलेली. सकाळी आठला डॉक्टर आले की पहिला प्रश्न तोच असतो, रात्रीत लघवी किती झाली, त्यावर सलाइन चालू ठेवायचं की थांबवायचं, सुजेचं इंजेक्शन वाढवायचं का हे ठरतं. त्या आजीच्या चार्टात पाच तासांची भोकं होती. मी रागावले, ती रडली, म्हणाली मॅडम मे महिन्यात पेपर आहे. त्या वर्षी तिचा फिजिक्सचा पेपर पण गेला आणि आमची इंटर्नल पण.

नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर बघ. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी, नर्सिंग फाउंडेशन, आणि बरोबरीने बेड करायला शिकणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं, बीपी घेणं. पुढे जाशील तशी क्लिनिकल पोस्टिंग वाढत जाते. यातलं नीटला किती येतं? ह्युमन फिजिऑलॉजी थोडीशी. नीटचे ७२० मार्क, १८० प्रश्न, त्यात फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८०, बायोलॉजी ३६०, आणि त्या ३६० मधलं जवळजवळ अर्धं झाडापानांचं. नर्सिंगमध्ये फिजिक्सचा पेपरच नाही. चार वर्षांनी बाहेर पडशील तेव्हा फिजिक्स सोडून नऊ-दहा वर्षं झालेली असतील. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात हे तर तू दोनदा भोगलंयसच.

आणि कागदांचं एक, हे कोणी सांगत नाही. नर्सिंगला प्रवेश घेतलास आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे नंबर लागला तर ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट कॉलेजच्या कपाटात असते. माझ्या भाचीचं असंच झालं, एका प्रायव्हेट कॉलेजने उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय कागद देणार नाही म्हणून बसवून ठेवलं, शुक्रवार संध्याकाळ, नव्या कॉलेजला रिपोर्ट करायची मुदत शनिवारी. तिच्या बापाने तिथल्या बाकावर बसून तीन फोन केले, एक नातेवाइकाला दोन वकिलाला, तेव्हा कुठे नऊ वाजता फाइल बाहेर आली. तेव्हा कुठेही प्रवेश घेताना मध्येच सोडलं तर काय, हे प्रॉस्पेक्टसमध्ये शोध, सही करायच्या बॉन्डवर शोध, आणि सगळ्याच्या अटेस्टेड झेरॉक्स दोन सेट घरी.

मग नर्सिंग वाईट का? अगं नाही, माझं सगळं आयुष्य त्यात गेलं. मला खटकतं ते नर्सिंगला वेटिंग रूम समजणं. तुला एक खोली दाखवते. पावसाचे दिवस, लावणी चालू, रात्री एका शेतकऱ्याला फुरसं चावलंय, पायाला सूज, बरोबर चार माणसं आणि एक बॅटरी. डॉक्टर बघतात, सांगतात. सिस्टर स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेते आणि ठेवून देते, वीस मिनिटं, त्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, नातेवाईक दर दोन मिनिटांनी विचारतात काय झालं सिस्टर. वीस मिनिटांनी ट्यूब एकदा तिरकी करायची. रक्त वाहिलं, गोठलं नाही, तर विष रक्तात उतरलंय. मग डॉक्टर ठरवतात अँटी स्नेक व्हेनम किती, कसं. ते चढायला लागलं की पहिली मिनिटं सिस्टर खाटेपासून हलत नाही, अंगावर पित्त उठतंय का, खाज सुटतेय का, बीपी पडतंय का, अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार. आता डोळे मिटून सांग, त्या खोलीत तू स्वतःला कुठे उभी बघतेस? औषधाच्या किती व्हायल (बाटल्या) द्यायच्या ते ठरवताना, की ट्यूबकडे आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत? दोन्ही जागा खऱ्या आहेत. तुझं उत्तर पहिलं असेल तर चार वर्षं दुसऱ्या जागेवर उभी राहून तू कुढशील आणि तुझ्या पेशंटला ते कळेल. दुसरं असेल तर मग एमबीबीएस न झाल्याचं दुःख तू उगाच वाहतेयस.

यावरून आठवलं, आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते तेव्हा विंचवाने माणसं पटापट जायची, तर ते पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले आणि त्यातून प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची गोळी विंचूदंशावर चालते हे पुढे आणलं. डॉक्टरकी म्हणजे केबिन असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. उशाशी बसणं दोन्हीकडे आहे.

नर्सिंगमध्ये पुढे काय ते पण बघून ठेव, कारण लोकांना अजून वाटतं सिस्टर म्हणजे शेवटपर्यंत सिस्टर. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरची भरती होते नॉरसेट परीक्षेतून, बीएस्सी नर्सिंगवाल्यांना अनुभवाची अट नाही, मूळ पगार ४४,९०० पासून, भत्ते वेगळे. गावातल्या उपकेंद्रावर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून जाता येतं सहा महिन्यांचा कोर्स करून. एमएस्सी आहे, क्रिटिकल केअरची नर्स प्रॅक्टिशनर आहे, परदेश आहे. हे वाचताना तुझ्या मनात जरा तरी हलत असेल तर नर्सिंगचा फॉर्म भर, आणि नीटला त्या चार वर्षांपुरतं खरोखर सोड.

नसेल हलत, तर मी सांगते ते कर. एक वर्ष, एकच, आणि ते सगळ्यांना आधी सांगून. पेपर साधारण मे महिन्यात पहिल्या रविवारी दुपारी असतो, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात, घर चाकरमान्यांनी भरलेलं, पडवीत पेट्या, पेंढा, आढी, माळ्यावर पोरं, आणि कोणीतरी येऊन म्हणणार अगं जरा चहा ठेव. गेल्या दोन्ही वेळी तू घरून दिली असशील तर मला खात्री आहे की परीक्षेआधीचे शेवटचे पंधरा दिवस तुझे असेच चहा ठेवण्यात गेलेत. या वेळी गुढीपाडवा झाला की रत्नागिरीला खोली घे, नाहीतर लायब्ररीचा पास काढ, महिना-दीड महिन्याचा खर्च मामांना सांग, सल्ला दिलाय तर एवढं करतील. खर्चावरून आठवलं, अलिबाग, सिंधुदुर्गातलं ओरोस आणि रत्नागिरी तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, प्रत्येकी १०० जागा, रत्नागिरीचं तर २०२३ ला सुरू झालं, तू आधी नीट दिलीस तेव्हा ते नव्हतंच. पण जिल्ह्याची पोर म्हणून जागा राखून ठेवलेली नसते, ८५ टक्के जागांना अख्ख्या राज्याची मेरिट लागते, २०२० पासून ती ७०:३० ची विभागवार वाटणीही गेली. २०२५ ला २२ लाखांवर मुलं बसली होती आणि देशभरच्या एमबीबीएसच्या जागा प्रायव्हेट धरून सव्वा लाखाच्या आसपास. हे तुला भीती घालायला नाही, घरी सांगायला, म्हणजे नाही लागलं तर तुझ्या माथी मारणार नाहीत. आणि त्याच वर्षी नर्सिंगची सीईटी पण देऊन ठेव, अभ्यास बराचसा तोच आहे.

एक मुलगी मला माहीत आहे जिला नर्सिंगनंतर एमबीबीएस लागलं. मुंबईत दोन वर्षं आयसीयू केलं, पैसे साठवले, राजीनामा देऊन वर्षभर बसली आणि निघाली. पण ती नर्सिंगला असताना सुट्टीत गावी येऊन दहावी-बारावीच्या पोरांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घ्यायची, हे तिच्याबद्दल सांगताना सगळे विसरतात.

तुझ्या पत्रात बाकी सगळं आहे, दोन्ही नीटचे फिजिक्सचे मार्क तेवढे नाहीत. ते कळव, मग पुढचं बोलू.

प्रश्न : मी देवगडचा, बारावी सायन्स. मला नर्सिंग आवडतंय, नीटबिट काही नको. मुलगा असून नर्सिंग म्हटल्यावर मित्र हसतात. घेऊ का?

उत्तर : घे. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, म्हणजे तुला स्पर्धा जास्त, हे डोक्यात ठेवून घे. बाकी हसण्याचं म्हणशील तर रात्री अडीचला ऐंशी किलोचा पॅरालिसिसचा पेशंट कुशीवर वळवायचा असतो तेव्हा मेल नर्सला हाका मारायला सगळा वॉर्ड पुढे असतो. मित्रांपैकी कोणाचे तरी वडील एक दिवस तिथे असतीलच, तेव्हा चहा पाजतील.

प्रश्न : माझी मुलगी अलिबागजवळ जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते नीट देणार. तिची बारावी आर्ट्सची आहे. चालेल का? एक आई.

उत्तर : आहे त्या कागदांवर नाही चालणार ताई. जीएनएमला आर्ट्सची बारावी चालते, नीटला चालत नाही, तिथे फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. पण दार पूर्ण बंद पण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेडिकल कमिशनने नियम सैल केला, बारावीनंतर हे विषय जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केले तरी धरतात. तिच्या बाबतीत तिन्ही विषय करावे लागतील, तेही जीएनएम सांभाळून, म्हणजे काय ते तुम्ही वरचं पत्र वाचलंत तर कळेलच. माझं मत विचाराल तर जीएनएम पूर्ण होऊ दे, रजिस्ट्रेशन हातात येऊ दे, मग बोर्डाचा फॉर्म. आणि फॉर्म भरायच्या आधी ते बोर्ड धरतात का हे लेखी विचारून घ्या, एजंटच्या सांगण्यावर पैसे भरू नका.